चोरखिडकी

आदिलाबादहून चंद्रपूरला जाणारी बस बेला, कोरपना, गडचांदूर, राजुरा असे थांबे घेत जाते. लहानपणी मामांबरोबर महाकालीच्या यात्रेला या रस्त्याने पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला देवळापेक्षा गावाचा तटच जास्त आवडला. गोंड राजांनी बांधलेला, जवळपास अकरा किलोमीटर लांबीचा तो दगडी तट, आणि त्याला चार मोठे दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर. शिवाय अधूनमधून लहान वाटा, ज्यांना तिकडे खिडक्या म्हणतात. विठोबा खिडकी, हनुमान खिडकी अशी त्यांची देवाधर्माची नावे. पण एकीचे नाव चोर खिडकी. मामांना विचारले, "चोरांसाठी खिडकी कशाला ठेवली?" ते हसले आणि म्हणाले, "ठेवायला नको होती, पण राहिली असेल."

नावामागची खरी हकीकत काय ते असो. हा प्रश्न पुढे पन्नास वर्षांनी आणि अगदी वेगळ्या ठिकाणी माझ्यापुढे उभा राहिला, म्हणून ही सगळी आठवण.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या एका लहान पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मला घेतले. इतिहासाच्या मास्तराला बँकेतले काय कळते, असे माझे मलाच वाटे. पण सभासद ओळखीचे. कापूस पिकवणारे, कापूस घेणारे, शाळामास्तर, किराणा दुकानदार. कोणाचे घर पैनगंगेच्या या तीरावर, तर मुलगी किनवटला दिलेली. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. राज्याच्या सीमा बदलल्या, २०१६ मध्ये तर जिल्ह्याचेच चार तुकडे झाले, पण देणीघेणी नदी ओलांडून चालतच राहिली. संस्थेच्या काउंटरवर एका वाक्यात तेलुगू सुरू होते आणि मराठीत संपते. अशा माणसांचा पैसा म्हणजे मुलीचे लग्न, बैलजोडी, नाहीतर पुढल्या हंगामाचे बियाणे. तो बुडाला तर भरपाई मागायला जागा नसते.

२०२२ च्या जानेवारीत हैदराबादच्या महेश बँकेवर दरोडा पडल्याची बातमी आली. दरोडा म्हणायचे, पण कोणी दाराला हातही लावला नव्हता. रविवारच्या सुट्टीत बँकेच्या संगणकांतून बारा कोटींहून अधिक रुपये निघाले आणि देशभरच्या शेकडो खात्यांत पांगले. हैदराबाद पोलिसांनी तपास करून नंतर जे सांगितले ते साधे होते, आणि त्यामुळेच धडकी भरवणारे. आधीच्या नोव्हेंबरात बँकेच्या कर्मचाऱ्यांना दोनशेच्या वर फसव्या ई-मेल गेल्या होत्या. बहुतेकांनी त्या उघडल्या नाहीत. दोघांनी उघडल्या. तेवढ्याने एक हेरगिरी करणारा प्रोग्रॅम आत शिरला आणि दोन महिने गुपचूप बसून कोण कोणती कळ दाबतो ते पाहत राहिला. आतली सगळी यंत्रे एकाच मोकळ्या माजघरात असल्यासारखी एकमेकांना जोडलेली होती. एकात शिरला तो सगळ्यांत शिरला. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला सायबर सुरक्षेचे नियम न पाळल्याबद्दल ६५ लाखांचा दंड केला.

ही बातमी वाचून मी हैदराबादला असलेल्या भाच्याला फोन केला. तो कॉम्प्युटरच्या नेटवर्कचेच काम करतो. म्हणाला, "मामा, शिवरात्रीला येतो आहे. तुमची संस्था दाखवा."

तो येईपर्यंत मी माझ्या पद्धतीने, म्हणजे जुन्या कागदांतून, या विषयात शिरलो. आणि लक्षात आले की ज्या गोष्टी तो मला इंग्रजी नावांनी सांगत होता, त्यांतल्या बऱ्याच आमच्या पूर्वजांनी मोडी लिपीत करून ठेवल्या होत्या.

किल्ल्याचेच घ्या. शिवकालात गडावर एकच धनी नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन समान दर्जाचे अंमलदार, आणि कोठारावर कारखानीस. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून बखर लिहिली, तीत ही व्यवस्था नोंदली आहे. हे अंमलदार जाणूनबुजून वेगवेगळ्या जातींचे नेमत, म्हणजे तिघांचे संगनमत होणे अवघड. एकटा हवालदार फितूर झाला तरी गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, हा त्यातला हिशेब. आज बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, असा जो नियम असतो तो याच घरातला. संध्याकाळी दरवाजे बंद झाले की उघडायचे नाहीत, हे तर हिरकणीच्या गोष्टीमुळे मुलांनाही ठाऊक असते. रात्रीच्या पहाऱ्यावर ओळख पटवायला परवलीचा शब्द असे. 'पासवर्ड'ला मराठी शब्द शोधणाऱ्यांना तो आयता मिळाला, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

मोर्तबाचे तसेच. आपण 'शिक्कामोर्तब' एका दमात म्हणतो, पण शिक्का आणि मोर्तब या दोन निराळ्या मुद्रा. शिक्का पत्राच्या माथ्याशी, हे कोणाचे ते सांगायला. मोर्तब शेवटच्या ओळीला चिकटून, मजकूर येथे संपला हे सांगायला. त्यापुढे कोणी एक ओळ जरी घुसडली तरी ती मोर्तबाच्या बाहेर पडते आणि उघडी होते. पत्र कोणी वाचू नये ही एक काळजी. पत्रात कोणी भर घालू नये ही दुसरी. दुसरी काळजी जास्त महत्त्वाची, हे त्या कारकुनांना पक्के कळले होते.

आणि हुंडी! हा विषय निघाला की मला आवरत नाही. हैदराबाद संस्थानात पैसा गाडीवर लादून फारसा हिंडत नसे. तो हुंडीवर हिंडे. शंभर रुपयांची हुंडी असेल तर आधी आकड्यात शंभर, मग अक्षरी शंभर, मग त्याचे निमे पन्नास, आणि त्या पन्नासाची दुप्पट पुरे शंभर, असे घोळवून लिहीत. एका शून्याची भर घालायची तर लबाडाला चार ठिकाणी चार तऱ्हांनी खोटे लिहावे लागे. आणि कागद जुळला म्हणून रक्कम लगेच मिळे असेही नाही. हुंडी लिहिणारा पेढीवाला दुसऱ्या पेढीला वेगळे सूचनापत्र पाठवी. अमुक रकमेची, अमुक मितीची हुंडी केली आहे, असे. एका वाटेने हुंडी, दुसऱ्या वाटेने तिची साक्ष. आता मोबाइलवर जो सहा आकडी ओटीपी येतो, तो त्या सूचनापत्राचाच नातू. शहाजोग हुंडी तर बाजारात पत असलेल्या शहालाच देय असे. हुंडी हरवली तर पैठ, ती हरवली तर परपैठ, अशा नकलांची सोयही होती. पैसे चुकते झाले की हुंडीचा खोखा होई. मग तो कागद कोणाच्या हाती लागला तरी निकामी.

हे वाचून कोणी म्हणेल की जुने ते सगळे शहाणपणाचे होते. तसे मुळीच नाही. पानिपतानंतरची ती प्रसिद्ध हकीकत आठवा. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे माळव्यात होते, आणि सावकारांचे पत्र औरंगाबादकडे नेणारा एक कासीद वाटेत सापडला. पत्र फोडले. त्यात गळालेल्या दोन मोत्यांचा, हरवलेल्या सत्तावीस मोहरांचा, आणि रुप्यातांब्याच्या गणती नसलेल्या नुकसानीचा मजकूर होता. सावकारांनी सांकेतिक लिहिले होते, पण वाचणाऱ्याला विश्वासराव आणि भाऊसाहेब ओळखायला क्षणही लागला नाही. सावकारांचे गुपित वाटेत फुटले. आणि पेशव्यांची स्थिती त्याहून वाईट : स्वतःच्या सैन्याची खबर त्यांना परक्याच्या टपालातून कळली. खबरेचे जाळे तुटले की मालक आंधळा होतो, आणि ते तुटल्याचे त्याला सर्वांत शेवटी समजते.

असाच आंधळेपणा पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या वाट्याला आला. १९०६ ची ही सहकारी बँक मराठी मध्यमवर्गाच्या घरातलीच म्हणायची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेला विचारते, याच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? हा प्रश्न आणि त्याचे उत्तर ज्या सर्व्हरमधून जाते त्याला स्विच म्हणतात. चोरांनी त्या वाटेवर आपला खोटा स्विच बसवला. प्रश्न बँकेपर्यंत पोचेचना. मधल्या मध्येच उत्तर मिळे : "द्या." नकली कार्डे घेतलेली माणसे २८ देशांत यंत्रांपुढे उभी होती. सुमारे बारा हजार व्यवहारांतून ७८ कोटी परदेशात निघाले, आणि भारतात आणखी २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. हुंडीच्या भाषेत सांगायचे तर कासिदाला वाटेत गाठून पेढीच्या नावाने परस्पर होकार देण्याचा हा प्रकार. सूचनापत्राशी मेळ घालायला पेढीवर कोणी बसलेच नव्हते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. पण पडद्यामागचे सूत्रधार हाती लागले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. कुठे पुण्याचा पेन्शनर आणि कुठे प्याँगयांग!

त्याआधी, २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर असेच गेले. प्रयत्न होता जवळपास ९५ कोटींचा. श्रीलंकेत धाडलेल्या दोन कोटी डॉलरच्या एका रकमेत 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकून 'फँडेशन' झाले, आणि मधल्या बँकेतल्या कोणा चोखंदळ माणसाला शंका आली. शुद्धलेखनावर आयुष्यभर छड्या मारलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विशेष आवडते. पण दुसरी बाजूही आहे. त्या बँकेत म्हणे दहा-दहा डॉलरची सेकंडहँड यंत्रे जोडून नेटवर्क चालवले होते, आणि फायरवॉल, म्हणजे तटबंदी, नव्हतीच. तिथेही चोरीला मुहूर्त गुरुवार रात्रीचा, कारण शुक्रवारी त्या देशात सुट्टी. शनिवार पुण्याचा, रविवार हैदराबादचा, गुरुवारची रात्र ढाक्याची. पहारेकरी कधी जेवायला बसतात हे पाहूनच ही मंडळी येतात.

भाचा शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी संस्थेत आला. दारावरचे कुलूप पाहून म्हणाला, "ताळं मोठं आहे." आमच्याकडे कुलपाला तेलुगूच्या शेजाराने ताळंच म्हणतात. तेलुगूत किल्लीला 'ताळम् चेवि' म्हणतात, म्हणजे कुलपाचा कान. त्याला मी हे सांगितले तर म्हणाला, "इथे कान बरेच दिसतात, मामा."

आणि खरेच दिसले. परवलीचा शब्द कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. तो संस्थेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. दर महिन्याला बदलायचा नियम होता, म्हणून एक-दोन-तीनच्या जागी महिन्याचे नाव घालत. (सारखे बदलायला लावले की माणसे असेच करतात. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ पासून ही सक्ती नको असेच सांगितले आहे. शब्द लांब असावा आणि फुटल्याची शंका आली तर बदलावा.) सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस हैदराबादहून दुरूनच आमच्या यंत्रात शिरून दुरुस्ती करी. ती वाट काम झाल्यावरही बारा महिने चोवीस तास उघडीच. मला चंद्रपूरची खिडकी आठवली. हिशेबाची रोजची नक्कल घेत, पण ती त्याच खोलीत, त्याच यंत्राला जोडलेल्या डब्यात. परपैठ हुंडीलाच टाचून ठेवल्यासारखे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने आंध्रातल्या पोलीस ठाण्यांची यंत्रेसुद्धा कुलूपबंद केली होती. असा प्रोग्रॅम आला तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदम जातात.

पण हे सगळे एकीकडे. मग त्याने यंत्रात कोणाकोणाला प्रवेश आहे त्याची यादी काढली. संस्थेत माणसे सहा, यादीत नावे अकरा. एका नावावर बोट ठेवून म्हणाला, "मामा, हे कारकून कुठे बसतात?"

मी गप्प. ते गृहस्थ करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात वारले होते. त्यांच्या तेराव्याला मी गेलो होतो.

"पण यांनी मागच्या महिन्यात चौदा नोंदी केल्या आहेत," तो म्हणाला.

चौकशी केली. लबाडी निघाली नाही. त्यांच्या नावाला जुन्या नोंदी दुरुस्त करायचे अधिकार होते, ते इतरांना मागायचे तर अर्ज, मंजुरी, चार दिवस. म्हणून काउंटरवरच्या पोराने सोयीचा मार्ग धरला होता. शब्द कॅलेंडरमागे होताच. चौदाही नोंदी रोजकीर्दीशी ताडून पाहिल्या, पैसा न् पैसा जुळला. तरी त्या रात्री मला झोप आली नाही. उद्या हिशेब चुकला असता तर उत्तर कोणाला विचारणार होतो?

लाल महालाचा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण एकदा शाहिस्तेखानाच्या बाजूने पाहा. १६६३ च्या एप्रिलमध्ये त्याच्याभोवती अफाट फौज होती. तो राहत मात्र होता अशा घरात, ज्याचा कोपरा न् कोपरा महाराजांना बालपणापासून ठाऊक. मुदपाकखान्याकडची विटांनी बुजवलेली वाट उकरून ते आत शिरले. खानाला वाटले होते, वाट बुजली म्हणजे संपली. घर सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यात घराचा नकाशा तसाच राहतो, हे त्याच्या ध्यानात आले नाही. आमच्या यादीतली उरलेली चार जादा नावे अशाच संस्था सोडून गेलेल्यांची होती. सगळी सज्जन माणसे. पण कॅलेंडरमागचा शब्द त्यांनाही ठाऊक होता.

मंडळाची सभा वादळी झाली. चांगली फायरवॉल, अंतर्गत जाळ्याचे दोन वेगळे भाग, दुसऱ्या इमारतीत ठेवायची नक्कल, वर्षातून एकदा बाहेरच्या जाणत्याकडून तपासणी, असा खर्च मांडला. एक संचालक म्हणाले, "एवढ्यात सभासदांना दिवाळीची भेट दोनदा देता येईल. आपल्यासारख्या लहान संस्थेत चोर कशाला येतो?" प्रश्न रास्त होता. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे नियम २०१८ मध्ये आणले आणि २०१९ च्या अखेरीस त्यांना बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीप्रमाणे चार पायऱ्या केल्या, त्याही हाच विचार करून. पतसंस्थेवर ते नियम लागू नाहीत. पण ई-मेल पाठवणारा संस्थेचा आकार पाहून पाठवत नाही. जाळे टाकणारा कोळी मासे मोजून जाळे टाकत नाही, असे मी म्हणालो. बाजू अगदी थोड्या मताने निघाली. भेट म्हणून त्या वर्षी स्टीलच्या डब्याऐवजी पिशवी दिली, त्याबद्दल अजून बोलणी खातो.

पैसे न लागणारी कामे त्याच आठवड्यात झाली. कॅलेंडरमागचा कागद फाडला. जो तो आपल्याच नावाने आत जाईल असे केले. दुरूनची वाट कंपनीने फोन केल्यावर उघडायची आणि काम झाले की आपल्यादेखत बंद करायची. ठराविक रकमेवरच्या व्यवहाराला दुसऱ्याची मंजुरी. काही विपरीत दिसले तर आधी जाळ्याची तार काढायची, मग १९३० या क्रमांकावर फोन करायचा, मग एकमेकांना दोष द्यायचा, हा क्रम भिंतीवर तेलुगूत आणि मराठीत लावला. शेवटचे कलम भाच्याचे. मंडळाने ते तसेच मंजूर केले.

आणि यादीतली पाच नावे काढली. त्या गृहस्थांचे नाव काढायची कळ कोणी दाबायची यावर थोडा वेळ सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी मीच दाबली.

पुढच्या महिन्यात त्यांच्या पत्नी पैसे काढायला आल्या. त्यांचे खाते आमच्याचकडे आहे. नव्या मंजुरीच्या भानगडीत त्यांना बाकावर बराच वेळ बसावे लागले. मी समोर होतो, म्हणून ओशाळून म्हणालो, "वहिनी, थोडा उशीर होतो आहे हल्ली."

"होऊ द्या की, गुरुजी." मग जरा थांबून म्हणाल्या, "यांचं नाव काढलं म्हणे कॉम्प्युटरातून?"

"हो."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणी यांच्या नावानं लिहीत होतं, ते काही बरं नव्हतं."